सहा किलो-ओहमची गोष्ट

मे महिन्यातली दुपार होती. काका माझ्या गिटार-दुरुस्तीच्या खोलीचा जिना चढून आले तेव्हा खांद्याला इलेक्ट्रिक गिटारची पिशवी होती आणि हातात वहीचं फाडलेलं पान. पानावर बॉलपेनने तीन आकडे लिहिलेले: ६.२, ६.२, ६.३. त्याखाली दोनदा रेघ मारलेलं एक वाक्य होतं, 'तिन्ही पिकअप विंटेज मर्यादेत.' पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं, जे तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करतं; विंटेज म्हणजे जुन्या काळच्या गिटारसारखं.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, मग नोकरी आणि संसारात ती सुटली. निवृत्तीनंतर जुन्या साथीदारांनी पुन्हा जमवाजमव केली आणि आता गणपतीत, कोजागरीला, सोसायटीच्या वर्धापनदिनाला यांचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो. गिटार मात्र मुलाची. चिनी बनावटीची, स्ट्रॅटोकॅस्टरच्या घाटाची, बऱ्यापैकी स्वस्तातली. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि ती कपाटावर पडून राहिली, तीच यांनी उतरवली.

"आवाज दबलेला येतो रे," काका म्हणाले. "सर्दी झालेल्या माणसानं गायल्यासारखा. मला हा पाहिजे." आणि त्यांनी मोबाइलवर द शॅडोजचं १९६० च्या सुमाराचं वाद्यसंगीत लावलं.

हा आवाज मागणारे काका पहिले नव्हेत. इंग्लिश गायक क्लिफ रिचर्डने १९५९ मध्ये शॅडोजचा गिटारवादक हँक मार्विन याच्यासाठी अमेरिकेतून एक लाल स्ट्रॅटोकॅस्टर मागवली आणि त्या गिटारच्या ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात तिथल्या, पिकअपचा खणखणीत, कडेला थोडा काचेसारखा आवाज एका पिढीच्या कानात बसला. सूर सुटा ऐकू येतो, तार छेडल्याचा 'टण्' आधी येतो आणि मग सूर फुलतो. काकांच्या गिटारमध्ये तो 'टण्' नव्हताच.

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. स्ट्रॅटोकॅस्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या साठच्या दशकातल्या पिकअपचा रोध सहा किलो-ओहमच्या आसपास असतो, असं त्यांनी वाचलं होतं. घरी मल्टिमीटर लावला तर आपलाही सहाच्या आसपास. म्हणजे पिकअप ठीक आहेत, दोष पुढच्या सर्किटमध्ये आहे, तो मी शोधायचा.

पिकअप बदलायला निघालेले बहुतेक जण याच आकड्यापाशी अडकतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी त्या आकड्याचंच बघू. माझ्या माळ्यावरच्या खोलीत तेव्हा ३७ अंश तापमान होतं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. म्हणजे ३७ अंशांना ६.२ दाखवणारा पिकअप २० अंशांना ५.८ दाखवणार. लोक इंटरनेटवर ५.८ चांगला की ६.१ चांगला यावर तासन्तास भांडतात, आणि इथे नुसता पुण्याचा उन्हाळा तेवढा फरक पाडतो. हे ऐकून काका स्वतःवरच हसले. आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग तापमानासकट मोजलेला माणूस, गिटार हातात घेतल्यावर ते विसरला होता.

पण खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. रोध म्हणजे गुंडाळलेल्या तारेची लांबी आणि जाडी, एवढंच. केसापेक्षा बारीक अशी ४२ गेजची तार साधारण आठ हजार वेढे घातली की एक किलोमीटरहून जास्त लांब होते आणि मीटर सहा हजार ओहम दाखवतो. त्या वेढ्यांच्या आत काय बसवलंय, हे मीटरला कळत नाही.

ते बघायला पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले आणि अख्खी पाटी उलटी केली. प्लॅस्टिकचा बॉबिन, त्यात सहा पोलादी खुंट्या आणि खाली चिकटवलेली काळी सिरॅमिक चुंबकाची पट्टी. लिओ फेंडरच्या १९५४ च्या रचनेत यातलं काहीच नव्हतं. तिथे वर-खाली व्हल्कनाइझ्ड फायबरच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये बसवलेले सहा अल्निकोचे दांडे असत. ते दांडे स्वतःच चुंबक आणि तार थेट त्यांच्याभोवती गुंडाळलेली. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचं लोखंडातलं मिश्रण.

पोलाद अल्निकोपेक्षा चुंबकीय प्रवाह सहज वाहू देतं, त्यामुळे तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स, म्हणजे वेटोळ्याचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, जास्त भरतो. शिवाय पोलादात घुमणारे एडी प्रवाह तयार होतात आणि ते वरच्या पट्टीतली ऊर्जा खातात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून कधीकाळी घेतलेला माझा इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लावला: ३.३ हेन्री. साठच्या दशकातला स्ट्रॅटचा, म्हणजे स्ट्रॅटोकॅस्टरचा, पिकअप साधारण २.२ ते २.५ हेन्रीत असतो. रोध सारखा, इंडक्टन्स दीडपटीच्या जवळ. काकांच्या पानावर मी चौथा आकडा लिहिला.

या आकड्याचा आवाजाशी संबंध असा. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या वारंवारतेच्या आसपासचे स्वर उठून येतात आणि तिच्या वरचे झपाट्यानं मरतात. काकांची केबल ६ मीटर. बऱ्या केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरड धरले तर ६००, पिकअपची स्वतःची १०० मिळवली तर ७००. याला ३.३ हेन्री जोडले की अनुनाद येतो ३३०० हर्ट्झच्या आसपास. २.३ हेन्री असते तर तो ४००० च्या जवळ गेला असता. ज्याला आपण 'खणखणीत' म्हणतो ते बरंचसं या सातशे हर्ट्झमध्ये राहतं. आणि पोलादामुळे काकांच्या गिटारमध्ये तो उंचवटाही चपटा झालेला होता.

हे गणित काकांनी स्वतः करून पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे पिकअप बदलायचेच?"

मी म्हटलं, लगेच नाही.

माझा एक नियम आहे. पिकअपवर पैसे घालण्याआधी जे फुकट किंवा किरकोळ खर्चात बदलता येतं ते बदलून घ्यायचं आणि दर टप्प्याला रेकॉर्ड करून ठेवायचं. तोच तुकडा, तीच नखी, तोच ॲम्प, आवाजाच्या खुंट्या त्याच जागी. नाहीतर गिऱ्हाइकाला नव्या पिकअपचं कौतुक आणि मला जुन्या सेटिंगचा विसर, दोघंही आपापल्या समजुतीत खूश.

पहिली गोष्ट पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या खुंट्यांखालचे बदलते रोध. त्यांच्यावर २५० के, म्हणजे किलो-ओहम, छापलेलं होतं, मोजल्यावर निघाले २०५ आणि २१२. स्ट्रॅटमध्ये नेक, म्हणजे मानेजवळच्या, आणि मधल्या पिकअपवर व्हॉल्यूम आणि टोन दोन्हींचा भार समांतर पडतो, म्हणजे जिथे १२५ के हवेत तिथे १०४ के. भार वाढला की तो अनुनादाचा उंचवटा आणखी दबतो. माझ्या डब्यातून निवडून २५८ आणि २६१ भरणारे पॉट घातले. कपॅसिटर मात्र बदलला नाही, काकांनी आग्रह धरला तरीही. जुन्या स्ट्रॅटमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा असायचा हे खरं, पण टोनची खुंटी दहावर असताना कपॅसिटर ०.०२२ चा आहे की ०.१ चा, हे कानाला कळत नाही. काका तर खुंटी कायम दहावरच ठेवतात.

दुसरी गोष्ट तारा. गिटारवर ००९ चा, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच जाडीची, असा बारीक संच होता आणि तोही सहा महिने जुना. ०११ चा चढवला. साठ साली गिटारच्या तारा आजच्यापेक्षा जाड असत आणि तिसरी, म्हणजे जी ची तारही गुंडाळीची असे. जाड तार चुंबकीय क्षेत्रात जास्त लोखंड हलवते, सूर भरीव होतो.

तिसरी गोष्ट उंची. कुणीतरी पिकअप तारांच्या अगदी नाकाला लावून ठेवले होते. शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीवर, तार दाबून मोजलं तर पहिल्या तारेखाली जेमतेम १.२ मिलिमीटर. फेंडरचं स्वतःचं माप विंटेज घाटाच्या पिकअपसाठी जाड तारेच्या बाजूला २.४ आणि बारीक तारेच्या बाजूला २.० असं आहे. पिकअप खाली उतरवले की आवाज लहान होतो, पण सूर सुटा होतो.

एवढं झाल्यावर काकांनी वाजवलं आणि मान तिरकी करून ऐकलं. रुपयातले चार-सहा आणे तरी इथेच वसूल झाले होते. पण तो 'टण्' अजून आला नव्हता. तेव्हा ठरलं, पिकअप बदलायचे.

आता कुठले? इथे 'विंटेज' हा शब्दच पहिला अडथळा आहे. दुकानात तो शब्द एकच असला तरी त्यामागे निदान तीन-चार वेगळे आवाज उभे आहेत. पन्नासच्या दशकापासून १९६४ पर्यंत फेंडर फॉर्मव्हार नावाच्या जाडसर आवरणाची तार वापरत होती. त्यानंतर साध्या एनॅमलची आली, आवरण पातळ झालं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. दशकाच्या शेवटाकडचे पिकअप थोडे कमी वेढ्यांचे आणि अधिक चकचकीत आवाजाचे मानले जातात. जिमी हेंड्रिक्सच्या नावानं लोक जे मागतात ते हेच. १९७४ पासून अल्निकोच्या दांड्यांची वर-खाली रचना जाऊन सगळे सपाट एका पातळीत आले. शिवाय सुरुवातीच्या काळात वेढे माणसं हातानं तार सोडत घालायची, त्यामुळे एकाच वर्षीचे दोन पिकअपही सारखे निघत नसत. फेंडरमध्ये अबिगेल इबारा या बाईंनी काही दशकं हेच काम केलं आणि त्यांच्या हातच्या वाइंडिंगला आज वेगळा भाव आहे. तेव्हा 'विंटेज आवाज द्या' म्हणणं आणि 'जुन्या चवीचं जेवण द्या' म्हणणं सारखंच. कुणाच्या घरचं, हे आधी सांगावं लागतं.

काकांचं घर ठरलेलं होतं: १९५९-६०. म्हणजे फॉर्मव्हार, अल्निको ५ या प्रकारचं चुंबक, आठ हजाराच्या आगेमागे वेढे. तयार मालात फेंडरचे '५७/'६२, सेमूर डंकन कंपनीचा एसएसएल-१ असे पर्याय या घराण्यातले आहेत. फेंडर कस्टम शॉपचा '६९ एनॅमल तारेचा, तो मी पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला. जास्त वेढ्यांचे 'हॉट' पिकअप तर विचारातच नव्हते. वेढे वाढवले की इंडक्टन्स वाढतो, आणि आम्हाला तर तो कमी करायचा होता. आश्चर्य म्हणजे जुना खणखणीतपणा हवा म्हणणारे निम्मे लोक हॉट पिकअप घेऊन येतात, कारण दुकानात तो मोठ्यानं वाजतो आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो.

मग आला दांड्यांच्या उंचीचा प्रश्न. यात मी एकदा चांगलाच पोळलोय.

जुन्या फेंडर पिकअपमध्ये सहा दांडे वेगवेगळ्या उंचीचे असतात. जी चा दांडा वर आलेला, बी चा खाली दबलेला. याला दोन कारणं. एक म्हणजे जी ची गुंडाळीची तार, जिचा लोखंडी गाभा बारीक असल्यानं ती मंद वाजायची, म्हणून चुंबक जवळ आणला. दुसरं म्हणजे तेव्हाची फ्रेटबोर्ड जास्त गोलाकार असे, ७.२५ इंच त्रिज्येची. आज गुंडाळीची जी फारसं कुणी लावत नाही आणि काकांच्या गिटारची त्रिज्या ९.५ इंच. अशा गिटारवर जुन्या उंचीचा पिकअप बसवला की जी ची तार अंगावर येते आणि बी बिचारी मागे राहते. कॉर्ड वाजवला की एकच माणूस ओरडतोय असं वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका गिटारवर मी हेच 'दुरुस्त' करायला गेलो. जी चा दांडा अंगठ्यानं दाबला, हलला नाही, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलकीशी ठोक दिली. दांडा एक मिलिमीटर खाली गेला. मी खूश. मीटर लावला तर अनंत. तार थेट दांड्याभोवती गुंडाळलेली असते हे माहीत असूनही, हात आधी चालला आणि डोकं नंतर. आतला पहिलाच वेढा तुटला होता. तो पिकअप पुन्हा गुंडाळायला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो तर तिथे एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश मापाचं, गेज चालतं. अमेरिकन ४२ ला सगळ्यात जवळची म्हणजे ४६ नंबरची तार. दुकानदार म्हणाला, "पंख्यालासुद्धा एवढी बारीक लागत नाही, साहेब." तो पिकअप आजही माझ्याकडे एका डब्यात पडून आहे. फायबरच्या बॉबिनवरचे दांडे दाबू नका, एवढंच लिहितो.

काकांपुढे दोन वाटा ठेवल्या. एक, १९६० ला शोभेल अशी गुंडाळीची जी लावा आणि उंचसखल दांड्यांचा पिकअप घ्या. दोन, साधी जी ठेवा आणि सपाट दांड्यांचा घ्या. पहिली वाट अस्सल. पण काका कार्यक्रमात नुसती शॅडोजची धून वाजवत नाहीत. सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी असतात, त्यात तार खेचून सूर चढवायचा असतो, आणि गुंडाळीची जी खेचायला बोटात बैलाचं बळ लागतं. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि सपाट म्हणाले. अस्सलपणाला इथे पहिली कात्री लागली, आणि ती वाजवणाऱ्याच्या बोटांमुळे लागली याचं मला बरं वाटलं.

सपाट दांड्यांचे तयार पिकअपही मिळतात, एसएसएल-२ हा त्यातलाच. पण आयात कर धरून तीन पिकअपची किंमत गिटारच्या वर जात होती. शिवाय काकांच्या ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर ५२ मिलिमीटर, जुन्या मापाच्या फेंडर ब्रिजवर ते ५६ च्या आसपास असतं. म्हणजे जुन्या मापाचे दांडे कडेच्या तारांच्या किंचित बाहेर पडणार. ऐकायला याचा फरक फार पडत नाही, पण बनवूनच घ्यायचे तर नीट मापाचे का नकोत? आपल्याकडे आता हातानं पिकअप गुंडाळून देणारे दोन-चार कारागीर आहेत. त्यातल्या एकाला लिहून दिलं: फायबरचे बॉबिन, सपाट अल्निको ५, ४२ गेज फॉर्मव्हार, नेक आणि मध्ये ७८००, ब्रिजला ८१०० वेढे, मेणात बुडवून.

राहिला प्रश्न गुणगुणीचा. एका कॉइलचा पिकअप म्हणजे अँटेनाच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ती गुणगुण येणारच. पण मांडवात खरा त्रास देतात ते दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर. "डिमर लाट मधूनच कापतो ना," काका म्हणाले, "कापलेल्या कडेतून सगळी कचरा वारंवारता बाहेर पडते. आमच्याकडे तक्रारी यायच्या, रेडिओ खरखरतो म्हणून." हा विषय त्यांच्या हातचा होता. त्यात जनरेटरचं अर्थिंग बहुतेक वेळा रामभरोसे. माइकला ओठ लावला की झटका, हा अनुभव ज्याला नाही त्यानं मांडवात कार्यक्रम केलेलाच नाही.

आवाजरहित, म्हणजे एकावर एक दोन कॉइल रचलेले पिकअपही होते. डिमार्झिओ कंपनीची एरिया मालिका, फेंडरचे नॉइजलेस. ते पूर्वीपेक्षा खूप सुधारलेत आणि रोज मांडवात वाजवणाऱ्याला मी तेच सुचवेन. पण माझ्या कानाला तारेच्या टोकावरची ती पहिली ठिणगी त्यात थोडी गोल होते. काकांचं सगळं घोडं त्या ठिणगीवरच अडलेलं. म्हणून मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या ध्रुवाचा करून घ्यायचा, एवढीच सवलत मागितली. मग पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र वाजतात, गुणगुण कापली जाते. काकांना ते खटकलं.

"जुन्यात असं नव्हतं ना?"

"नव्हतं. पण काका, जुन्यात पाच जागांचा स्विचही नव्हता. तो १९७७ मध्ये आला. तोवर तीनच जागा, लोक मधल्या खाचेत दांडी कशीबशी अडकवून ठेवायचे."

हे त्यांनी मान्य केलं. दुसरी सूचना मात्र फेटाळली. जुन्या वायरिंगमध्ये ब्रिजच्या पिकअपला टोनची खुंटी नसते. मी म्हटलं एक छोटी तार टाकून दुसरी खुंटी ब्रिजला देतो, मांडवातल्या भोंग्यांवर उपयोग होईल. काका म्हणाले, "नको. मार्विनला नव्हती, मला कशाला?" मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, ते पुढे कळलं.

पिकअप यायला पाच आठवडे लागले. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि खोलीत २६ अंश. मीटरवर नेक ५.९, मधला ५.९, ब्रिज ६.२. काकांनी लगेच पान काढलं. जुन्या आणि नव्या पिकअपचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मग इंडक्टन्स मोजला. नेक २.२, ब्रिज २.३.

बसवण्याआधी एक चाचणी मी कधीच चुकवत नाही. सुईवाला मीटर पिकअपला लावायचा, स्क्रूड्रायव्हर दांड्यांवर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. सुई एका बाजूला उडी मारते. तिन्ही पिकअपची सुई एकाच बाजूला उडाली पाहिजे, मधला उलट्या वेढ्यांचा असला तरी, कारण त्याचा ध्रुवही उलटा आहे. नेक उजवीकडे, ब्रिज उजवीकडे, मधला डावीकडे. कारागिरानं मधल्याच्या काळ्या आणि पांढऱ्या तारेची अदलाबदल केली होती. तसाच जोडला असता तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर आवाज पोकळ झाला असता आणि गुणगुण कापली जाण्याऐवजी तशीच राहिली असती. फायबरच्या पिकअपवर धातूचं आवरण नसतं, त्यामुळे दोन तारा उलट जोडल्या की काम झालं.

पोकळीत आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, तिचे जोड सोल्डर केले, ती ग्राउंडला जोडली. याने डिमरची खरखर बरीच कमी होते. ५० हर्ट्झच्या चुंबकीय गुणगुणीला ती अडवत नाही, त्याला उपाय म्हणजे उभं राहण्याची दिशा. मंचावर गोल फिरून बघायचं, ज्या कोनात गुणगुण बसते तिथे पायाखाली चिकटपट्टीची फुली मारायची. काकांना हा उपाय सगळ्यात जास्त आवडला, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

सुरुवातीला पिकअप आधीच्याच उंचीवर ठेवले आणि फसलो. बाराव्या फ्रेटच्या वर सहावी तार वाजवली की सूर लडखडायचा, एकाच तारेत दोन बेसूर आवाज भांडल्यासारखे. अल्निकोचे दांडे तारेच्या अगदी खाली असल्यानं तिला ओढतात, आधीच्या रचनेत ही ओढ कमी होती. नेकचा पिकअप सहाव्या तारेच्या बाजूला २.८ पर्यंत उतरवला, ब्रिज २.४ वर राहिला. मग भांडण मिटलं.

ऐकण्याची परीक्षा मी रेकॉर्डिंगवर घेतली. जुने पिकअप, पॉट-तारा-उंची बदलल्यानंतरचे जुने पिकअप आणि नवे पिकअप. सगळ्यांची पातळी सारखी केली, नावं लपवली. काकांनी डोळे मिटून ऐकलं. ब्रिजच्या तुकड्यांत नवा पिकअप त्यांनी एका सेकंदात ओळखला, पहिला 'टण्' येताच. नेकच्या तुकड्यांत मात्र सुधारलेल्या जुन्याला त्यांनी नवा म्हटलं. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं. म्हणजे नेकचा पिकअप बदलला नसता तरी चाललं असतं. हे मी त्यांना सांगितलं. पैसे गेल्यावर सांगून काय उपयोग, हेही त्यांनी मला सांगितलं.

शॅडोजचा आवाज आला का? गिटारमधून जेवढा येणं शक्य होतं तेवढा आला. त्या रेकॉर्डिंगमध्ये व्हॉक्स कंपनीचा ॲम्प आहे आणि फिरत्या चुंबकीय पृष्ठभागावर आवाज उमटवून परत सोडणारं इको यंत्र आहे. काकांनी एक डिले पेडल घेतलं, पहिला प्रतिध्वनी थोडा उशिरा येईल असं लावलं, आणि त्या दिवशी त्यांनी तासभर मला काम करू दिलं नाही.

गणपतीनंतर काका पुन्हा आले. चेहरा पडलेला.

"घरी उत्तम. मांडवात टोचतो. पहिल्या रांगेतली मंडळी कानावर हात ठेवत होती."

ब्रिजला टोनची खुंटी नाही, म्हणजे त्यावर फक्त व्हॉल्यूमचाच भार. अनुनाद टोकदार. आणि पुढे भोंगे, जे नेमके त्याच पट्टीत किंचाळतात. मी पुन्हा म्हटलं, एक छोटी तार टाकतो. काका पुन्हा नको म्हणाले. मग मी भिंतीवर टांगलेली १० मीटरची केबल काढून त्यांच्या हातात दिली. "ही लावून बघा."

त्यांनी वाजवलं. काचेची कड गेली, पण 'टण्' राहिला. त्यांनी दोन-तीनदा केबल बदलून बघितलं, मग खिशातून ते पान काढलं. आता ते चारी बाजूंनी भरलं होतं. हजार अधिक शंभर, अकराशे पिकोफॅरड. २.३ हेन्री. मोबाइलवर वर्गमूळ काढलं.

"३१६० हर्ट्झ," ते म्हणाले. "माझे जुने पिकअप कुठे होते?"

"३३०० वर."

"म्हणजे एवढं सगळं करून मी आकड्यानं जुन्याच्याही खाली आलो."

"आकड्यानं, हो. वाजवा पुन्हा."

त्यांनी तीच धून पुन्हा वाजवली, या वेळी पूर्ण. मग जुने तीन पिकअप मागून घेतले, नातवाच्या गिटारला होतील म्हणून, आणि जिन्याच्या निम्म्यावरून वर हाक मारून विचारलं, "आठ मीटरची केबल मिळते का रे कुठे?"